गुडघा: हस्तिदंताच्या बिजागरीपासून रोबोटच्या हातापर्यंत



मागच्या बैठकीत आमच्या गटाकडे कर्जाचा एक अर्ज आला. अर्ज एका मावशींचा. वय ६२, चाळीस पावसाळे भाताची लावणी केलेल्या. शहरातल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, अर्धा गुडघा बदलायचा, तोही रोबोटच्या मदतीनं. मावशींनी हळूच विचारलं, "यंत्र कापणार, मग डॉक्टर काय करणार? आणि एवढे पैसे मोजून अर्धाच गुडघा का?" आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. म्हणून आम्ही माहिती काढली. उत्तर सापडलं ते या ऑपरेशनच्या इतिहासात.

आपण म्हणतो, "वाट्या झिजल्या." खरं तर झिजते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. ती गेली की हाडावर हाड घासतं. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक या डॉक्टरांनी हस्तिदंताची बिजागरी करून गुडघ्यात बसवली, दाराला असते तशी. पण त्यांच्या रुग्णांना सांध्यांचा क्षय होता, आणि जंतू मारणारी आजची औषधं तेव्हा नव्हती. जखमा चिघळल्या आणि तो प्रयत्न फसला.

पुढचं मोठं पाऊल पडलं १९६० नंतर, इंग्लंडमध्ये. जॉन चार्नली यांनी खुब्याच्या सांध्यासाठी धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची खोबण वापरली, आणि दातांचे डॉक्टर वापरत त्या जातीच्या सिमेंटनं ती हाडात पक्की केली. त्यांच्याच रुग्णालयात फ्रँक गन्स्टन या कॅनडाच्या डॉक्टरांनी १९६८ च्या सुमारास हीच युक्ती गुडघ्याला लावली. १९७४ मध्ये न्यूयॉर्कला जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण गुडघ्याचा असा सांधा बसवला की आजचे सांधे त्याच वाटेनं आले. त्या सहकाऱ्यांत मध्य प्रदेशातून गेलेले डॉ. चित्तरंजन राणावत होते. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा एक गुडघा २००० साली आणि दुसरा २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला, तो त्यांनीच. ती बातमी तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल.

आता अर्ध्या गुडघ्याचं. गुडघ्याचे तीन भाग असतात: आतल्या बाजूचा, बाहेरच्या बाजूचा आणि पुढचा, वाटीखालचा. पुष्कळदा फक्त आतली बाजू झिजते. मग चांगला भाग का काढायचा? १९७० नंतर ऑक्सफर्डमध्ये डॉक्टर जॉन गुडफेलो आणि इंजिनिअर जॉन ओकॉनर यांनी मिळून एक सांधा तयार केला. १९८२ पासून तो फक्त झिजलेल्या बाजूला बसवू लागले. मधले अस्थिबंध, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारे दोर, तसेच राहतात. ब्रिटनमध्ये ५२८ रुग्णांचा अभ्यास झाला. २०१९ च्या निकालात दिसलं की पाच वर्षांनंतर अर्धा आणि पूर्ण, दोन्हींचा आराम जवळपास सारखाच, आणि अर्ध्याचा खर्च कमी. म्हणजे अर्धा गुडघा ही फसवणूक नाही. मात्र झीज एकाच बाजूला हवी आणि अस्थिबंध शाबूत हवेत.

अडचण अशी की जागा लहान, आणि काप थोडा तिरका गेला तरी सांधा लवकर ढिला होऊ शकतो. म्हणून रोबोट आला. २००६ च्या सुमारास लंडनमध्ये आणि अमेरिकेत फ्लोरिडात अर्ध्या गुडघ्यासाठी तो वापरला गेला. अशा एका पद्धतीत आधी सीटी स्कॅन काढून आखणी करतात. हत्यार डॉक्टरांच्याच हातात असतं. आखलेल्या रेषेबाहेर जाऊ लागलं की यंत्राचा हात ते अडवतो. शेतात दोरी लावून सरळ रोपं लावावीत, तसंच. दोरी रोपं लावत नाही, लावणारीच लावते. ग्लासगोच्या अभ्यासात रोबोटच्या मदतीनं सांधा जास्त अचूक बसला. पण पाच वर्षांनी दुखणं आणि चालणं पाहिलं, तर हातानं केलेल्या ऑपरेशनपेक्षा मोठा फरक दिसला नाही.

खर्चाचंही ऐका. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या सांध्याची किंमत तेव्हा कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. ही किंमत फक्त सांध्याची. ऑपरेशन, खाट, रोबोट यांचे पैसे वेगळे असू शकतात. म्हणून बिल फोडून मागावं आणि सरकारी योजनेत बसतं का, हे आरोग्यमित्राला आधीच विचारावं.

यंत्र कितीही हुशार असलं तरी घरी आल्यावर ते सोबत नसतं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालवतात. मग रोज गुडघा सरळ करणं, वाकवणं, मांडीचे स्नायू ताणणं, दुखलं तरी. कमोडची खुर्ची लागते. उकिडवं बसणं, लावणी, डोक्यावरचा हंडा हे डॉक्टर सांगतील तेव्हाच. पोटरी सुजून दुखली, ताप आला, जखमेतून पू आला तर लगेच दाखवायचं. धाप लागली तर क्षणभरही थांबायचं नाही. बाई आठ दिवसांत चुलीपुढे बसली, तर पैसा आणि सोसणं दोन्ही वाया.

आम्ही मावशींना चार प्रश्न लिहून दिले. माझी झीज एकाच बाजूला आहे का? तुम्ही अशी किती ऑपरेशनं केलीत? रोबोटचे जादा किती? न करता व्यायामानं, वजन कमी करून चालेल का? उत्तरं आली की कर्जाचं ठरेल. पण एक गोष्ट गटानं आधीच ठरवली: ऑपरेशन झालं तर सहा आठवडे मावशींचं पाणी कोण भरणार, भाकरी कोण करणार, याची पाळी वहीत लिहिली आहे. तुमच्या गटातही कुणी भिंत धरून उठत असेल. पुढच्या बैठकीत तिला विचारा.