ओसरीवरील शाळा आणि विद्यार्थ्यांची सभा

विद्यार्थ्यांच्या सेवाकार्याचा इतिहास सांगताना आपण बहुधा १९६९ पासून आरंभ करतो. गांधी जन्मशताब्दीच्या त्या वर्षी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. विद्यार्थ्याने समाजासाठी काही करावे, या अपेक्षेला तेव्हा शासकीय चौकट मिळाली. मात्र या अपेक्षेचे मूळ आमच्या मते त्याहून सव्वाशे वर्षे मागे, मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शोधावे लागते. साहित्याच्या अभ्यासकांनी ते शोधण्याचे एक विशेष कारणही आहे.

१८४८ मध्ये या संस्थेतील विद्यार्थ्यांनी व तरुण शिक्षकांनी प्राध्यापक पॅटन यांच्या मार्गदर्शनाखाली ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. ठरलेल्या दिवशी जमावे, एकाने निबंध वाचावा, इतरांनी त्यावर चर्चा करावी, असा तिचा साधा क्रम होता. हे सारे इंग्रजीतून चाले. इंग्रजी न जाणणाऱ्या आपल्याच बांधवांपर्यंत हे विचार कसे पोचणार, हा प्रश्न लवकरच पुढे आला आणि त्याच वर्षी सोसायटीच्या मराठी व गुजराती शाखा, म्हणजे ज्ञानप्रसारक सभा, उभ्या राहिल्या. मराठी सभेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते. शास्त्र, इतिहास, चालीरीती अशा विषयांवरील व्याख्याने प्रथमच देशी भाषांतून लोकांसमोर होऊ लागली.

इथपर्यंत ही एका वक्तृत्व मंडळाचीच कहाणी आहे. तिला वेगळे वळण मिळाले ते १८४९ मध्ये. गुजराती शाखेत बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. विषय नवा नव्हता. सभेत टाळ्या घेऊन तो तिथेच संपला असता. परंतु या तरुणांनी आपण स्वतःच शाळा काढाव्यात असे ठरवले. जवळ इमारत नव्हती, पैसा नव्हता, मुलीही नव्हत्या. तेव्हा चोवीस वर्षांचे असलेले दादाभाई नौरोजी आणि त्यांचे सहकारी घरोघर फिरले. मुलींना पाठवा आणि शिकवण्यापुरती तुमची ओसरी वापरू द्या, अशी विनवणी त्यांनी केली. काही घरांतून जिन्यावरून ढकलून देण्याची धमकी मिळाली, अशी आठवण दादाभाईंनी उतारवयात नोंदवून ठेवली आहे. तरीही शाळा सुरू झाल्या. आपला नित्याचा वर्ग भरण्यापूर्वी, सकाळच्या वेळी हे तरुण विनावेतन शिकवीत. पुढे कामा कुटुंबातील मंडळींनी पैसा पुरवला, जगन्नाथ शंकरशेट यांनी जागा दिली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी या शाळांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. दान आले ते कामाची घडी बसू लागल्यावर. आरंभीचे भांडवल विद्यार्थ्यांच्या सकाळच्या वेळेचे होते.

या चित्राच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. मुंबईतील या शाळा मुख्यतः पारशी आणि उच्चवर्णीय हिंदू घरांपुरत्या होत्या. त्याच सुमारास पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी उचललेले पाऊल सामाजिकदृष्ट्या कितीतरी अधिक धाडसाचे होते. जातीच्या उतरंडीवरच ते पडले होते. मुंबईच्या तरुणांनी आपल्या ओळखीच्या उंबरठ्यांपलीकडे फारसे पाऊल टाकले नाही. सेवामंडळ बहुधा आपल्याच वर्तुळात फिरते, हा दोष तेव्हापासूनचा आहे.

आता ते विशेष कारण. मराठी निबंधाचा अभ्यासक्रम आपण सामान्यतः लोकहितवादींच्या शतपत्रांपासून सुरू करतो आणि १८७४ च्या निबंधमालेशी येऊन स्थिरावतो. मध्ये ज्ञानप्रसारक सभा येते ती तळटीप म्हणून. तिच्या कामातून १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघाले. त्यातील गद्य आज ओबडधोबड वाटेल. पण हा लेखनप्रकार आपल्याकडे रुजत असताना तो समोर बसलेल्या श्रोत्यांसाठी वाचला जात होता आणि वाचल्यानंतर काय करायचे, हा प्रश्न वाचणाऱ्यालाही चुकत नव्हता. हे नाते सुटले, तेव्हा निबंध परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत गेला आणि सेवा तासांच्या नोंदवहीत.

आमच्यापैकी काहीजण शिक्षक आहेत. शाळांतील सेवामंडळांचे वार्षिक कार्यक्रम आम्ही पाहतो: जुन्या कपड्यांचे संकलन, अनाथाश्रमास भेट, विविध प्रांतांच्या वेशभूषेचा ‘संस्कृती दिन’. यांतील काहीही टाकाऊ नाही. प्रश्न इतकाच, की या मुलांनी त्याआधी काय वाचले, कशावर वाद घातला? वेशभूषा केलेल्या प्रांताच्या भाषेतील एखादी कथा, अनुवादातून का होईना, त्यांच्या हाती पडली का? एल्फिन्स्टनच्या तरुणांची सेवा टिकली, कारण तिच्यामागे त्यांनी स्वतः लढवलेला एक युक्तिवाद होता. जिन्यावर उभे राहून चिडलेल्या बापाला उत्तर देताना तोच त्यांच्या कामी आला. पुढच्या वर्षी मंडळाची पहिली बैठक भरेल, तेव्हा वर्गणीच्या डब्याआधी एखादा निबंध वाचून पाहावा, असे आम्हांला सुचवावेसे वाटते.