पोकळ भूमीवरील खांब

घर बांधणारा मनुष्य पाया खणतांना मातीची पारख डोळ्यांनीं करूं शकतो. समुद्रांत बांधकाम करणाऱ्या स्थापत्यविशारदास ती सोय नसते. वरून अभेद्य वाटणारा तळ आंतून पोकळ किंवा भुसभुशीत निघाला, तर त्याचा सारा हिशेब चुकतो.

आयर्लंडमधील अलेक्झांडर मिचेल ऐन तारुण्यांत अंध झाला. तरीही त्यानें १८३३ सालीं मळसूत्री लोखंडी खांबाचें पेटंट मिळविलें. खांबाच्या टोंकाशीं रुंद पातें असे व खांब फिरविला कीं तें तळांत रुतत जाई. १८३८ सालीं थेम्स नदीच्या मुखाशीं मॅप्लिनच्या वाळूंत असे खांब रोवण्यांत आले आणि दीपगृहांना नवा आधार लाभला.

फ्लॉरिडाजवळच्या कॅरिसफर्ट प्रवाळखडकावर मात्र निराळेंच संकट उभें राहिलें. १७७० सालीं याच नांवाची ब्रिटिश युद्धनौका तेथें अडकली होती. दीपगृहाचे खांब घट्ट प्रवाळांत बसवावे असा बेत होता. पण वरचें कठीण कवच भेदल्यावर खालीं मऊ, चुनखडीची वाळू लागली. साधा खांब कवच फोडून खालीं गेला असता. म्हणून प्रत्येक खांब मोठ्या लोखंडी तबकडीतून ओवला. तबकडी कवचावर टेकली व भार एका बिंदूवर न पडतां विस्तृत जागेवर पसरला. हें काम जॉर्ज मीड यानें तडीस नेलें. पुढें १८६३ सालीं गेटिसबर्गच्या लढाईंत उत्तरेकडील सैन्याचें आधिपत्य करणारा सेनापति तो हाच. १८५२ च्या मार्चमध्यें लागलेला दिवा २०१५ पर्यंत चालू राहिला.

खांबास आधार दोन ठिकाणीं मिळतो: टोंकाखालच्या थराचा व बाजूंच्या मातीच्या घर्षणाचा. टोंकाखालीं पोकळी असेल तर पहिला आधार जातो. पण दुसरा कसा जातो?

त्याचा धडा ऑस्ट्रेलियाच्या वायव्येस मिळाला. नॉर्थ रँकिन येथील वायूच्या फलाटाचे खांब १९८२ सालीं सुमारें १२५ मीटर खोल पाण्यांत रोवले जात असतां, ठोकण्यापूर्वींच कांहीं खांब स्वतःच्या वजनानें तळांत कित्येक मीटर उतरले. तेथें मोठी गुहा नव्हती. तेथील वाळू म्हणजे सूक्ष्म सागरी जीवांचीं कवचें. प्रत्येक कणाच्या पोटांत इवलीशी पोकळी. खांब आंत शिरतांना कण चुरडले, वाळूचें आकारमान घटलें, खांबावरचा तिचा दाब ओसरला आणि त्याबरोबर घर्षणही गेलें. पाया बळकट करण्याचें मोठें काम हातीं घ्यावें लागलें. १९८८ सालीं पर्थ येथें याच प्रकारच्या मातीवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

उपायही याच ज्ञानांतून निघाला. अशा तळांत खांब ठोकण्याऐवजीं आधीं भोक पाडतात, खांब आंत सोडतात आणि भोंवतालच्या फटींत सिमेंटचें पातळ मिश्रण भरतात. कण चुरडत नाहींत. मिश्रण वाळूस धरून ठेवतें.

मुंबईच्या घरांनाही हा विषय परका नाहीं. किनाऱ्यापासून सुमारें १६० किलोमीटरवर, १९७४ सालीं तेल सांपडलेल्या मुंबई हायच्या तळाशींही चुनखडीयुक्त वाळूचे थर आहेत. त्या तेलाच्या फलाटांवर माणसें रात्रंदिवस राबतात. त्यांच्या पायांखालची भूमि किती भरींव आहे, हें खांब रोवण्यापूर्वीं नमुने काढूनच ठरवावें लागतें.