अपंगांचें शिक्षण व उपजीविका

रत्नागिरीच्या दक्षिणेस सुमारें वीस किलोमीटरांवर पावस हें गांव आहे. भात, आंबा, काजू आणि मासळी यांवर तेथील संसार चालत आले. जें गांवांत पुरलें नाहीं, तें मुंबईच्या मनीऑर्डरीनें पुरविलें. धडधाकट मुलगा गिरणींत किंवा पेढीवर चिकटला म्हणजे घर सांवरे. परंतु ज्याला दृष्टि नाहीं, ज्याला ऐकूं येत नाहीं, ज्याचे पाय चालत नाहींत, त्याच्यासाठीं कोंकणांतल्या अशा खेड्यांत बहुधा दोनच जागा असत : घराची पडवी किंवा देवळाची पायरी. माया करणारीं माणसें त्याच्याभोंवतीं असत. पण त्याला शिकवितां येईल व तो मिळवता होईल, ही कल्पना त्या मायेंत नसे. ही कल्पना आपल्याकडे कशी रुजली आणि मुंबईहून गांवाकडे येण्यास तिला किती काळ लागला, याचा इतिहास सुमारें एकशें चाळीस वर्षांचा आहे.

त्याचा आरंभ मुंबईंत झाला. बिशप लिओ म्यूरिन यांच्या प्रेरणेनें १८८५ च्या सुमारास तेथें बहिऱ्यामुक्या मुलांची शाळा निघाली. हिंदुस्थानांतील अशा प्रकारची ही पहिली शाळा होय. मूल मुकें असतें तें बहुधा ऐकूं येत नाहीं म्हणून. त्याच्या कंठांत अथवा बुद्धींत उणें नसतें, ही साधी गोष्ट या शाळेनें प्रथम दाखवून दिली. पुढें १९०० सालीं, मोठ्या दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनीं अंध मुलांसाठीं शाळा काढली. तीच आज दादरची अंधशाळा म्हणून ओळखली जाते. १९०२ मध्यें ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा स्थापन झाली. तिच्या आरंभींच्या काळांत डॉ. नीलकंठराय छत्रपति यांचा मोठा वांटा होता. हे गृहस्थ स्वतः अंध होते, हें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

शाळा निघाल्या, पण पुस्तकें कोणत्या लिपींत असावींत हा प्रश्न उभा राहिला. फ्रान्समधील लुई ब्रेल यानें १८२९ सालीं सहा उठावदार ठिपक्यांची पद्धति प्रसिद्ध केली होती. ती हिंदुस्थानांत आली खरी, परंतु निरनिराळ्या शाळांनीं आपापल्या सोयीप्रमाणें निरनिराळ्या योजना बसविल्या. परिणाम असा झाला कीं, एका प्रांतांत छापलेलें पुस्तक दुसऱ्या प्रांतांतल्या अंधाच्या बोटांना परकें वाटे. १९५१ सालीं भारती ब्रेल ठरली आणि हा घोळ मिटला. तिच्यांत अक्षरें ध्वनीप्रमाणें नेमलेलीं आहेत. मराठींतला ‘क’ आणि बंगालींतला ‘क’ एकाच दोन ठिपक्यांनीं लिहिला जातो. डोळसांच्या लिप्या अनेक राहिल्या, अंधांची मात्र एक झाली.

अक्षरानें पोट भरत नाहीं. म्हणून या शाळांनीं वेताच्या खुर्च्या विणणें, हातमाग, संगीत असे उद्योगही शिकविले. येथेंच जुन्या प्रयत्नांची मर्यादा दिसून येते. मुलगा शाळेंत उत्तम खुर्ची विणी. पण बाहेर त्याला कामावर ठेवणारा मालक भेटत नसे, आणि गांवीं परतला तर तेथें वेताच्या खुर्चीला गिऱ्हाईक नसे. शिक्षण आणि रोजगार यांमधला सांधा निखळलेलाच राहिला.

तो जुळविण्याची निकड दुसऱ्या महायुद्धानें निर्माण केली. रणांगणावर दृष्टि गमावलेल्या सैनिकांसाठीं १९४३ मध्यें डेहराडून येथें सेंट डन्स्टन्सचें शिक्षणकेंद्र उघडण्यांत आलें. त्याचे प्रमुख सर क्लूथा मॅकेंझी यांचे स्वतःचे डोळे पहिल्या महायुद्धांत गेले होते. कमावत्या वयांत अंध झालेल्या माणसाला दया नको असते. त्याला पुन्हां कामावर जावयाचें असतें, हें या केंद्रामुळें सरकारच्या ध्यानीं आलें. १९५० सालीं तेथेंच प्रौढ अंधांसाठीं केंद्र निघालें. १९५२ मध्यें मुंबईंत राष्ट्रीय अंधजन संघटना उभी राहिली. आणि १९५९ मध्यें मुंबईंतच अपंगांसाठीं देशांतील पहिलें विशेष सेवायोजन कार्यालय सुरू झालें. मालक आणि कामकरी यांची गांठ घालून देणें हें आतां सरकारचें काम ठरलें.

तथापि हें सर्व मुंबईंत. पावससारख्या गांवच्या आईबापांना त्याचा लाभ घ्यावयाचा, तर सात-आठ वर्षांचें लेंकरूं परक्यांच्या हातीं सोंपवावें लागे. पावसाळ्यांत किनाऱ्याच्या आगबोटी बंद पडत, आणि रेल्वेनें कोंकणचा सबंध मार्ग धरला तो १९९८ सालीं. शिक्षणासाठीं घर सोडावयाचें कीं घरासाठीं शिक्षण सोडावयाचें, हा पेंच मुलाच्या वतीनें आईनें सोडवावयाचा असे. ज्यांनीं मूल घरींच ठेवलें, त्यांच्या मायेला अडाणीपणा म्हणणें अन्यायाचें होईल.

मुंबईबाहेरही कार्य उभें राहतें, याचें उदाहरण विदर्भांत बाबा आमट्यांनीं घालून दिलें. त्यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापिली व वरोऱ्याजवळ आनंदवन वसविलें. ज्यांचीं बोटें झडलीं होतीं त्यांनीं तेथें माळरान पिकाखालीं आणलें. कोल्हापुरास नसीमा हुरजूक यांनीं १९८४ मध्यें ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. कमरेखालील शरीर निश्चेष्ट झाल्यानें त्या स्वतः चाकाच्या खुर्चींतून वावरतात. या संस्थेनें सिंधुदुर्गांत अपंगांच्या हातीं काजूप्रक्रियेचा उद्योग दिला. वेताच्या खुर्चीला गांवांत गिऱ्हाईक नव्हतें. काजू मात्र कोंकणच्याच मातींतला. कामासाठीं माणूस दूर नेण्याऐवजीं माणसाजवळचें काम त्याच्या हातीं दिलें, हा या प्रयोगाचा विशेष.

कायदा सावकाश मागून आला. १९७७ मध्यें केंद्र सरकारच्या खालच्या दोन वर्गांतील नोकऱ्यांत शेंकडा ३ जागा राखण्यांत आल्या. १९९५ च्या कायद्यानें हें तत्त्व सर्व सरकारी नोकऱ्यांकडे नेलें व अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण देऊं केलें. २०१६ च्या कायद्यानें राखीव जागा शेंकडा ४ केल्या, उच्च शिक्षणांत शेंकडा ५ ठेवल्या, आणि अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले. परीक्षेंत लेखनिक व तासामागें निदान २० मिनिटें अधिक वेळ मिळावा, असा नियम २०१३ मध्यें झाला. शेंकडा ४० अथवा अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला घराजवळच्या शाळेंत, किंवा त्याची इच्छा असल्यास विशेष शाळेंत, मोफत शिकण्याचा हक्क आज आहे. ‘घराजवळच्या’ हा शब्द कायद्यांत येण्यास एक शतकाहून अधिक काळ लागला.

त्या एका शब्दावरच आतां सारें अवलंबून आहे. जवळच्या शाळेला उतरता रस्ता नसेल, ब्रेल किंवा खुणांची भाषा जाणणारा शिक्षक नसेल, तर हक्क कागदावर जवळ आणि प्रत्यक्षांत मुंबईइतकाच दूर राहतो. जुन्या पिढ्यांनीं मुलाला शाळेपर्यंत नेलें. शाळेला मुलापर्यंत आणणें हें काम अजून पुरें व्हावयाचें आहे.