द्विभाषा-साक्षरतेची मुद्रा : कॅलिफोर्नियातील एका कायद्याची पूर्वपीठिका

इंग्रजीखेरीज आणखी एका भाषेत प्रावीण्य मिळविणाऱ्या विद्यार्थ्याच्या शालान्त प्रमाणपत्रावर राज्याची मुद्रा उमटवावी, असा कायदा कॅलिफोर्नियात 2011 साली संमत झाला व 2012 च्या आरंभापासून अमलात आला. ‘सील ऑफ बायलिटरसी’ या नावाने ओळखली जाणारी ही योजना राज्यपातळीवर प्रथम स्वीकारण्याचा मान त्या राज्याकडे जातो. न्यूयॉर्कने 2012 मध्ये तिचे अनुकरण केले आणि पुढील दशकात बहुतेक राज्ये त्याच वाटेने गेली. वरवर पाहता हा शालेय गौरवाचा एक किरकोळ प्रकार वाटतो. परंतु ज्या भूमीत तो उपजला तिचा भाषिक इतिहास ध्यानात घेतल्यावाचून त्याचे मर्म कळत नाही.

अमेरिकेत दुसरी भाषा शिकविणे हा एके काळी दंडनीय अपराध होता. पहिल्या महायुद्धाने जर्मन भाषेविषयी जो द्वेष पेटविला त्यातून नेब्रास्का राज्याने 1919 मध्ये कायदा केला, आणि आठवी इयत्ता उत्तीर्ण होण्यापूर्वी मुलांना कोणतीही परकी भाषा शिकविण्यास बंदी घातली. गंमत अशी की लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषांना राज्याच्या न्यायालयाने या बंदीतून वगळले. भीती होती ती बोलल्या जाणाऱ्या भाषांचीच. रॉबर्ट मेयर या शिक्षकाने 1920 मध्ये दहा वर्षांच्या एका मुलाला जर्मन वाचावयास शिकविले, म्हणून त्यास 25 डॉलर दंड झाला. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द ठरविली. बंदी उठली, प्रतिष्ठा मात्र लाभली नाही. 1974 च्या लाउ विरुद्ध निकल्स या खटल्यात सॅन फ्रान्सिस्को येथील सुमारे 1,800 चिनी वंशाच्या मुलांचा प्रश्न पुढे आला. जी भाषा कळत नाही त्या भाषेत समान पुस्तके व समान शिक्षक देणे म्हणजे समान वागणूक नव्हे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. तथापि या निर्णयाचा रोख मुलांची इंग्रजीतील अडचण दूर करण्याकडे होता. घरची भाषा ही संपत्ती आहे, असे कोणी म्हटले नव्हते.

कॅलिफोर्नियाने तर 1998 मध्ये उलट दिशा धरली. ‘प्रस्ताव 227’ सुमारे 61 टक्के मतांनी संमत झाला आणि इंग्रजी न येणाऱ्या मुलांचे द्विभाषिक वर्ग बव्हंशी बंद पडले. याच काळात ‘कॅलिफोर्नियन्स टुगेदर’ या संघटनेने मुद्रेची कल्पना पुढे रेटली, व ग्लेंडेल येथील शालेय मंडळाने ती प्रथम आचरणात आणली. मुद्रेचा कायदा झाला तेव्हा ‘प्रस्ताव 227’ जारीच होता. तो 2016 मध्ये ‘प्रस्ताव 58’ने मोठ्या बहुमताने निष्प्रभ केला. म्हणजे पाच वर्षे एकच राज्य शाळेच्या आरंभी घरची भाषा बाजूला सारीत होते आणि शेवटी तिच्याबद्दल पारितोषिक देत होते! ही विसंगती राजकीय चातुर्याचीच खूण मानावी लागेल. मुद्रेला अध्यापनाचा खर्च नाही, विद्यार्थ्याने भाषा कोठे संपादन केली याची ती विचारणा करीत नाही, आणि शालेय मंडळांचा सहभाग ऐच्छिक. मग विरोध कशाला करावयाचा?

मूळ कायद्यातील एक कलम मात्र निरखून पाहण्यासारखे आहे. इंग्रजीतील निकष सर्वांना समान होते. दुसऱ्या भाषेसाठी चार वर्षांचा अभ्यासक्रम, ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षेत किमान 3 गुणांक किंवा तत्सम अन्य प्रमाण चालत असे. पण ज्याची घरची भाषा इंग्रजी नाही त्याने इंग्रजीच्या आणखी एका चाचणीत प्रावीण्य दाखवावे, अशी जादा अट होती. इंग्रजी घरात वाढलेल्याने स्पॅनिश शिकली तर ते कर्तृत्व. स्पॅनिश घरात वाढलेल्याने इंग्रजी शिकली तर प्रथम संशय. मेयर खटल्यामागची जुनी धारणा इतक्या सौम्य रूपात उरली होती.

अल्पसंख्य भाषांची अडचण निराळी. ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षा मोजक्याच भाषांत होतात आणि त्यांत मराठी नाही. तेथील महाराष्ट्र मंडळांच्या शाळांत आठवड्यातून एकदा मराठी गिरविणाऱ्या मुलाला ही वाट बंदच. अशा भाषांसाठी कायद्याने स्थानिक शालेय मंडळाच्या परीक्षेची सोय ठेवली आहे; मात्र ती परीक्षा चार वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या तोडीची आहे, हे त्या मंडळाने प्रमाणित करावयाचे असते. स्पॅनिश विद्यार्थ्यापुढे परीक्षा आयती असते. मराठी विद्यार्थ्याच्या पालकांना आधी परीक्षा आणि परीक्षक शोधावे लागतात.