आतड्यातील मांसांकुर टिपणारा संगणक

शौचावाटे रक्त पडले की वऱ्हाडात पहिले नाव निघते ते मूळव्याधीचे. अमरावती असो वा अकोला, मूळव्याध व भगंदरावरील उपचारांच्या पाट्या जागोजागी दिसतात. रक्त पडण्याचे कारण पुष्कळदा तेच असतेही. पण प्रत्येक वेळी नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे पहिले लक्षणही हेच असू शकते. खात्री करण्यासाठी दुर्बिणीची तपासणी, म्हणजेच कोलोनोस्कोपी करावी लागते. या तपासणीत अलीकडे डॉक्टरांच्या नजरेला संगणकाची जोड मिळू लागली आहे.

हा कर्करोग एकाएकी उद्भवत नाही. आतड्याच्या अस्तरावर प्रथम मांसांकुर उगवतो; त्यालाच पॉलिप म्हणतात. त्यातील अडेनोमा या प्रकाराचे कर्करोगात रूपांतर होण्यास साधारणतः दहा वर्षे लागतात आणि बहुसंख्य पॉलिप त्या थराला जातही नाहीत. या अवधीत पॉलिप दिसला, तर तपासणी सुरू असतानाच तारेच्या फासाने तो काढून टाकता येतो.

अडचण आहे ती दिसण्याची. काही पॉलिप चपटे असतात, काही आतड्याच्या घडीआड दडलेले. एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा तपासणी केलेल्या अभ्यासांचा आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा पहिल्या खेपेस सुमारे २२ टक्के पॉलिप नजरेतून सुटल्याचे आढळले. त्यात लहान आकाराचेच अधिक होते. कॅलिफोर्नियातील तीन लाखांहून अधिक तपासण्यांच्या २०१४ मधील अभ्यासाने या त्रुटीचे मोल दाखवून दिले. डॉक्टरांचे अडेनोमा शोधण्याचे प्रमाण एक टक्क्याने अधिक असले, की पुढे कर्करोग होण्याचा धोका तीन टक्क्यांनी कमी आढळला.

नवी प्रणाली नेमकी येथे उपयोगी पडते. पॉलिपच्या असंख्य चित्रांवर प्रशिक्षित केलेला संगणक कॅमेऱ्यातील दृश्य क्षणोक्षणी तपासतो आणि संशयित जागेभोवती पडद्यावर रंगीत चौकट उमटवतो. ती गाठ खरी की बुडबुडा, याचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच. चीनमधील चेंगडू येथे १,०५८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अडेनोमा सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण २०.३ टक्क्यांवरून २९.१ टक्क्यांवर गेले. इटलीत २०२० मध्ये ते ४०.४ विरुद्ध ५४.८ टक्के आले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२१ मध्ये अशा पहिल्या उपकरणास मान्यता दिली.

हे आकडे जसेच्या तसे भारताला लावता येणार नाहीत. आपल्याकडे या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून बरेच कमी आहे. शिवाय संगणकामुळे अधिकचे सापडतात ते मुख्यतः लहान पॉलिप. त्याने किती जीव वाचतील हे सिद्ध व्हायचे असल्याने ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातील तज्ज्ञगटाने २०२५ मध्ये, सौम्य शब्दांत का होईना, सरसकट वापराच्या विरोधात शिफारस केली. त्याच वर्षी पोलंडमधून आणखी एक इशारा आला. संगणकाची सवय लागल्यानंतर त्याच्याविना केलेल्या तपासण्यांत अडेनोमा सापडण्याचे प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर घसरले होते.

आणि कॅमेऱ्यासमोर जे आलेच नाही, ते संगणकालाही दिसत नाही. म्हणून आतडे स्वच्छ असणे आणि दुर्बीण बाहेर घेताना किमान सहा मिनिटे निरखून पाहणे, या जुन्या अटी कायम आहेत. स्वच्छतेसाठी आदल्या दिवसापासून जुलाबाचे औषध प्यावे लागते. ते पिऊन अमरावतीहून दीडशे किंवा अकोल्याहून अडीचशे किलोमीटरवरील नागपूरचा प्रवास अशक्यप्राय. तपासणी तेथे असेल, तर आदल्या दिवशीच मुक्कामी जाणे बरे.

पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यायला हवी. या गावांतील मूत्रपिंडाच्या तक्रारी वर्षानुवर्षे चर्चेत आहेत. सोडियम फॉस्फेटयुक्त जुलाबाच्या औषधाने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच दिला होता. अशा रुग्णांसाठी पॉलिइथिलीन ग्लायकोलचे द्रावण अधिक सुरक्षित मानले जाते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास औषध घेण्यापूर्वीच तो डॉक्टरांच्या कानावर घालावा.

केंद्राच्या कर्करोग तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचाच समावेश आहे; मोठे आतडे त्यात नाही. त्यामुळे पुढाकार रुग्णालाच घ्यावा लागतो. वारंवार रक्त पडणे, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, कारण न सापडणारा रक्तक्षय किंवा वजनातील घट, तसेच आई-वडील वा भावंडांपैकी कुणाला हा आजार झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास मूळव्याधीचे मलम लावत महिने घालवू नयेत.