दक्षिणेचे ऊन आणि माणसाचे घर

पौष-माघाच्या दिवसांत कोणत्याही गावात सकाळी फेरफटका मारा. म्हातारी माणसे घोंगडी पांघरून एखाद्या भिंतीला पाठ लावून बसलेली दिसतील. ती कोणत्याही भिंतीला बसत नाहीत. वारा अडेल आणि ऊन अंगावर येईल अशीच जागा ती नेमकी हेरतात. मांजरालाही ती जागा ठाऊक असते. आता असा विचार करा, की एका माणसाने जे केले तेच साऱ्या घराने केले तर? घरानेच वाऱ्याकडे पाठ आणि उन्हाकडे तोंड केले तर? या साध्या प्रश्नाचा इतिहास जवळजवळ अडीच हजार वर्षांचा आहे, आणि तोच आज आपल्याला पाहायचा आहे.

त्यासाठी ग्रीस देशात जाऊ. ग्रीसच्या उत्तर भागात ऑलिंथस नावाचे नगर होते. इसवी सनापूर्वी 432 च्या सुमारास आसपासच्या समुद्रकाठच्या गावांतली माणसे तेथे येऊन राहिली आणि जुन्या वस्तीच्या उत्तरेला नवी वसाहत उभी राहिली. पुढे इ. स. पू. 348 मध्ये मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप, म्हणजे जगज्जेत्या शिकंदराचा बाप, याने ते नगर उद्ध्वस्त केले. नगर मातीखाली गेले, पण एका अर्थी ते बरेच झाले. कारण 1928 ते 1938 या काळात डेव्हिड रॉबिन्सन या अमेरिकन पंडिताने तेथे उत्खनन केले, तेव्हा शंभराहून अधिक घरांचे पाये जसेच्या तसे सापडले.

काय दिसले तेथे? सरळ रेषेत आखलेले रस्ते, आणि दोन रस्त्यांमध्ये दहा-दहा घरांचे चौक, पाच-पाच घरांच्या दोन ओळींचे. एकेक घर साधारण 17 मीटर लांब आणि तेवढेच रुंद. भिंती कच्च्या विटांच्या, पाया दगडाचा. प्रत्येक घराला अंगण होते, आणि ते घराच्या दक्षिण भागात. अंगणाच्या उत्तरेला लांब पडवी, आणि पडवीमागे राहत्या खोल्या. गंमत अशी की घर रस्त्याच्या कोणत्याही बाजूला असो, या मांडणीत फरक नाही. एका ओळीतल्या घरात माणूस रस्त्यावरून थेट अंगणात शिरे. समोरच्या ओळीतल्या घरात मात्र दार उत्तरेला येई, मग बोळातून घर ओलांडून अंगणात जावे लागे. ही अडचण पत्करली, पण अंगण दक्षिणेलाच ठेवले. यावरून हे सहज घडले नव्हते, जाणूनबुजून केले होते, हे उघड होते.

तुम्ही म्हणाल, दक्षिण? ती तर यमाची दिशा! आपल्याकडे दक्षिणेकडे तोंड करून घर बांधायला माणूस कचरतो. पण ग्रीक माणसाचा हिशेब सूर्याचा होता. तो समजून घेऊ.

आपण उत्तर गोलार्धात राहतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि माध्यान्हीसुद्धा आकाशात फार वर चढत नाही. उन्हाळ्यात तो डोक्याजवळ येतो. ऑलिंथसला 22 डिसेंबरच्या माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून केवळ 26 अंश वर असतो, तर 21 जूनला 73 अंश. आता दक्षिणेच्या भिंतीवर 1 मीटर पुढे आलेली वळचण आहे असे धरा. जूनमध्ये दुपारी तिची सावली भिंतीवर तीन मीटरांहून अधिक खाली उतरते, म्हणजे सारी भिंत झाकली जाते. डिसेंबरमध्ये तीच सावली वरच्या अर्ध्या मीटरपुरती राहते आणि ऊन तिरपे होऊन थेट खोलीत शिरते. वळचण तीच आणि भिंतही तीच. काही हलवायचे नाही, काही पेटवायचे नाही. ऋतू बदलला की घर आपोआप बदलते.

हे तत्त्व सॉक्रेटीसच्या तोंडी लिहून ठेवलेले आहे. त्याचा शिष्य झेनोफन याने आपल्या गुरूच्या आठवणी लिहिल्या, त्यांत सॉक्रेटीस घराविषयी बोलतो. जे घर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार तेच सोयीचे, आणि जे सोयीचे तेच सुंदर, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. म्हणून दक्षिणेची बाजू उंच ठेवावी, म्हणजे हिवाळ्याचे ऊन अडणार नाही, आणि उत्तरेची बाजू ठेंगणी ठेवावी, म्हणजे गार वारे शिरणार नाहीत.

पण ही काळजी घेण्याची गरज का पडली? कारण सरपण! ग्रीक घरात थंडीच्या दिवसांत शेगडीत कोळसा पेटवीत. घरबांधणी, जहाजे, भट्ट्या आणि स्वयंपाक या सगळ्यांसाठी लाकूड लागे. प्लेटोने आपल्या 'क्रिटियास' या संवादात ॲटिका प्रांताचे वर्णन केले आहे. पूर्वी जेथे मोठमोठी झाडे होती, ते डोंगर आता उघडे पडले, माती वाहून गेली आणि आजारी माणसाच्या हाडांसारखा प्रदेश उरला, असे तो सांगतो. डोंगर बोडके झाले की काय होते, हे आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या माणसाला समजावून सांगायला नको.

रोमन लोकांनी या विद्येत एक भर घातली, ती काचेची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात खिडक्यांना काच बसू लागली. काच उन्हाला आत येऊ देते, पण आतली ऊब सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. धाकट्या प्लिनीने समुद्रकाठच्या आपल्या वाड्यातल्या अशा खोलीचे वर्णन केले आहे. तिला नावच 'सूर्याची भट्टी' या अर्थाचे होते. मग तंटे आलेच! शेजाऱ्याने भिंत चढवली आणि माझे ऊन गेले, तर दाद कोणाकडे मागायची? अल्पियन नावाच्या रोमन कायदेपंडिताने मत दिले, की जेथे उन्हाची गरज आहे अशा खोलीचे ऊन अडवणे म्हणजे तिच्या प्रकाशाच्या हक्काचा भंग आहे. इ. स. 533 मध्ये जस्टिनियन बादशहाच्या कायदेसंग्रहात हे मत समाविष्ट झाले. पाण्याच्या पाटावरून भांडणे आपण ऐकतो, पण उन्हाच्या वाट्याचाही कायदा झाला होता.

पुढे पुष्कळ शतके ही विद्या मागे पडली. कोळसा आणि मग तेल स्वस्त मिळू लागल्यावर दिशेचा विचार कोण करतो? तरी अधूनमधून कोणी जागा होई. 1881 साली एडवर्ड मोर्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने काचेमागे काळ्या पाटीचा दगड लावून खोली तापवण्याचे पेटंट घेतले. 1967 साली फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतातील ओदेयो येथे फेलिक्स ट्रोंब आणि वास्तुकार जॅक मिशेल यांनी त्याच कल्पनेवर घर बांधले. दक्षिणेला जाड काँक्रीटची काळी भिंत आणि तिच्यापुढे थोडे अंतर सोडून काच. दिवसभर भिंत ऊन पिते, ऊब हळूहळू भिंतीतून आत सरकते, आणि सूर्य मावळल्यावर खोलीत उतरते. तापलेला तवा चुलीवरून उतरवला तरी बराच वेळ गरम राहतो, तसेच हे. मात्र नुसती काच लावली आणि मागे जड भिंत नसली, तर दिवसा घर तापेल आणि रात्री गारठेल.

हीच भिंत पुढे आपल्या देशात लडाखला पोहोचली. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात पारा शून्याखाली 20 अंशांपर्यंत उतरतो. झाडे थोडी, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी शेण वाळवून जाळले, आणि धूर बायकामुलांच्या डोळ्यांत गेला. पण पाऊस अत्यल्प असल्याने आकाश निरभ्र असते. तेथे अशा भिंतींची घरे झाली. शे या गावी 2001 साली सुरू झालेल्या द्रुक पद्म कार्पो शाळेच्या वसतिगृहात या भिंती आहेत. लेहजवळ फे येथे सेकमोल संस्थेची मातीची इमारतही दक्षिणेकडे तोंड करून ऊन घेते. बाहेर पाणी गोठलेले असते, आणि मुले चुलीवाचून अभ्यास करतात.

मग आपण महाराष्ट्रात काय घ्यावे? लडाखची भिंत उचलून विदर्भात बांधू नये, चंद्रपूरच्या मे महिन्यात ती खरोखरच भट्टी होईल! आपले दुखणे उलटे आहे, आपल्याला ऊन टाळायचे आहे. पण नियम तोच, सूर्याची वाट ओळखून घर बांधावे. जुन्या घरांच्या जाड भिंती, खोल पडव्या आणि खाली उतरलेली वळचण हे काम करीत होत्या. आज पश्चिमेला मोठी काच आणि वर उघडी सिमेंटची गच्ची, असे कोठलेतरी चित्र पाहून घर बांधले जाते, आणि मग पंखा फिरवण्यात पैसा जातो.

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. शाळेच्या अंगणात 1 मीटर उंचीची काठी उभी रोवा आणि वर्षभर दर पंधरवड्याला माध्यान्हीची सावली मुलांकडून मोजून घ्या. पुण्याच्या आसपास 22 डिसेंबरला ती सुमारे 90 सेंटीमीटर भरेल आणि उत्तरेकडे पडेल. मेच्या मध्यावर ती जवळजवळ नाहीशी होईल, आणि जूनमध्ये ढगांनी सवड दिली तर चक्क दक्षिणेकडे पडलेली दिसेल. ही वही शाळेत जपून ठेवा. त्या मुलांपैकी कोणी उद्या घर बांधील, कोणी गवंडी होईल, कोणी सरपंच होऊन शाळेची नवी खोली बांधून घेईल. त्या वेळी नकाशावर सही करण्यापूर्वी त्याने एवढेच विचारावे, की या भिंतीवर ऊन केव्हा येते आणि केव्हा जाते.