अग्निहोत्र

रोज सूर्यास्ताला व सूर्योदयाला अग्नीत आहुती देण्याचे वैदिक नित्यकर्म. ते सपत्नीक गृहस्थाने आयुष्यभर करायचे असते. अश्वत्थाच्या लाकडाच्या दोन अरणी एकमेकींवर घुसळून अग्नी काढतात. आधी बारीक धूर येतो, मग भुश्शात ठिणगी धरते. लाकडात दडलेला देव प्रकट झाला, असे मानले जाते. पश्चिमेला वर्तुळाकार गार्हपत्य, पूर्वेला चौकोनी आहवनीय आणि दक्षिणेला अर्धचंद्राकृती दक्षिणाग्नी अशी कुंडे असतात. गार्हपत्यावर तापवलेले दूध लाकडी पळीने आहवनीयात सोडतात. सायंकाळची आहुती अग्नीला, सकाळची सूर्याला. आहुतीनंतर ‘हे माझे नाही’ असे म्हणून यजमान तिच्यावरचा हक्क सोडतो. या कर्माचा गाभा या त्यागात आहे.

शतपथ ब्राह्मणात जनक याज्ञवल्क्याला विचारतो, दूध नसेल तर? धान्य नसेल तर? पाणीही नसेल तर? शेवटी उत्तर येते: श्रद्धेच्या अग्नीत सत्याची आहुती द्यावी. अग्निहोत्राचा इतका उंच अर्थ क्वचितच कुठे सांगितला असेल. छांदोग्य उपनिषद हेच कर्म देहात आणते आणि जेवणाचे पहिले घास पाच प्राणांना अर्पण करायला सांगते. महाराष्ट्रात जुन्या वळणाच्या पंगतीत प्राणाहुती आजही घेतल्या जातात.

विसाव्या शतकात अक्कलकोटच्या शिवपुरीतून तांब्याचे छोटे पात्र, गोवऱ्या, तूप व अक्षता एवढ्यावर होणारे सोपे रूप पसरले. ते वर सांगितलेल्या वैदिक, म्हणजे श्रौत, विधीहून वेगळे आहे. श्रौत अग्निहोत्र्याचा अंत्यसंस्कार त्याने जपलेल्या अग्नींनीच करतात.